‘थ्रिलर कमी, कायद्याचं पुस्तक जास्त’: दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला प्रकाशकाचं उत्तर

नमस्कार,

आपण लिहिलंत की आमच्या सोळाव्या शतकातल्या इंग्लंडवरच्या रहस्यकादंबरीतली माजी नन असलेली नायिका लग्न करून मोकळी का होत नाही हे पटत नाही, कारण ब्रह्मचर्याची शपथ न मानणाऱ्या खुद्द धर्मसुधारक लूथरने 1525 मध्ये मठातून पळालेल्या ननशी लग्न केलं होतं. तिच्या वयाचा घोळ तीन प्रकरणं चालतो, पेन्शनचे हिशेब संपत नाहीत, राजाची माणसं मठ लुटायचं सोडून छपरावरचं शिसं तोलत बसतात, आणि मठ बंद करवणारा राजाचा मंत्री क्रॉमवेल याचा शिरच्छेद पुस्तकात नाहीच, हे बाकीचे आक्षेप. शिवाय मधली पानं सुटली.

आधी लग्न, कारण सगळं रहस्य त्याच खुंटीला टांगलंय. लूथरची बायको काटारिना फॉन बोरा होती सॅक्सनीतली. आपली नायिका आहे आठव्या हेन्रीच्या इंग्लंडात. हेन्रीने 1534 मध्ये पोपशी संबंध तोडले, पुढे 1536 पासून मठही बंद करायला घेतले, पण लूथरची शिकवण घेतली नाही. 1539 च्या सहा कलमांच्या कायद्याने ब्रह्मचर्याची शपथ कायम ठेवली आणि ती मोडून लग्न करणाऱ्याला देहदंड लावला. म्हणजे मठ सरकारने बंद करायचा, नन बाहेर काढायची, आणि शपथ मात्र तिच्या गळ्यात तशीच! इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख धर्मगुरू, आर्चबिशप क्रॅनमर, त्याने गुपचूप लग्न केलं होतं. त्यालासुद्धा त्या साली आपली जर्मन बायको माहेरच्या मुलखात पाठवावी लागली.

वयाचा घोळ इथेच येतो. वयाच्या एकविसाव्या वर्षानंतर घेतलेली शपथ बंधनकारक, त्याआधीची नाही. दोन-चार महिन्यांच्या फरकावर बोहलं की फास हे ठरणार. आता वय सिद्ध कसं करायचं? चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंदवही ठेवायचा हुकूम निघाला 1538 मध्ये. नायिका त्याच्या वीस-बावीस वर्षं आधी जन्मलेली, त्यामुळे कागद नाहीच. उरतात सुईण, धर्ममाता, शेजारीपाजारी. त्या तीन प्रकरणांत एकेक साक्षीदार नाहीसा होतो तो का, हे या नजरेने पुन्हा वाचून बघा. याहून जास्त सांगितलं तर इतर वाचक आम्हाला सोडायचे नाहीत.

पेन्शनचं म्हणाल तर मठ बंद झाल्यावर साध्या ननला साधारण दोन-तीन पौंड मिळत, तेही वर्षाला. दोन पौंड म्हणजे 480 पेनी. मजुराचा रोज चार पेनीच्या आसपास, म्हणजे 120 दिवसांची मजुरी, त्यावर वर्ष काढायचं. शाफ्ट्सबरीच्या मठाध्यक्षेला मात्र 133 पौंड! 1536 मध्ये वर्षाला 200 पौंडांखाली उत्पन्न असलेले मठ बंद झाले, तेव्हा पेन्शन फक्त प्रमुखाला मिळाली. बाकीच्यांनी दुसऱ्या मठात जायचं किंवा घरी. नायिकेचा मठ 1539 मध्ये बंद झालेला दाखवलाय, म्हणून तिला पैसे मिळतात. ते तिच्या नावावर निघतात, म्हणजे सरकारदरबारी तिचा माग राहतो. खलनायक तिच्यापर्यंत पोचतो तो या वाटेने.

शिशाचा प्रसंग कंटाळवाणा वाटला याचं नवल वाटलं, आम्हाला तो पुस्तकातला सगळ्यात थंड डोक्याने केलेला खून वाटतो, माणसाचा नव्हे, मठाचा. राजाचे कमिशनर येत, ऐवजाची यादी करत, शरणपत्रावर मठाची मोहर घेत. सोन्याचांदीची भांडी लंडनला जात, घंटा फोडून धातूच्या भावाने विकल्या जात. मग छप्पर. शिसं उतरवून जागेवरच वितळवायचं आणि लगडी पाडायच्या. जळण म्हणून कधी चर्चमधल्या बाकांचंच लाकूड. शिशाला किंमत होती हे झालंच, पण छप्पर गेलं की पावसाळी हवेत इमारत राहण्याजोगी उरत नाही. 1536 च्या उत्तरेकडच्या बंडात सॉलीच्या मठात लोकांनी साधूंना परत आणून बसवलं होतं. उघड्या भिंतींत कोण येऊन बसणार? यॉर्कशरमधल्या रीव्हो मठाच्या ढिगाऱ्याखाली अशा लगडी विसाव्या शतकात सापडल्या आणि ते शिसं यॉर्क मिन्स्टर या मोठ्या चर्चच्या एका प्रसिद्ध खिडकीच्या दुरुस्तीला वापरलं गेलं.

क्रॉमवेलचं डोकं 28 जुलै 1540 ला उडालं. कादंबरी त्याआधी थांबते आणि आमच्या मते तेच बरोबर आहे. तो गेल्याने मठ परत उघडले नाहीत, आणि सहा कलमांचा कायदा हेन्री मरेपर्यंत, 1547 पर्यंत, टिकला. नायिकेच्या दृष्टीने तो शिरच्छेद म्हणजे नुसता तमाशा झाला असता. वेग कमी वाटला हे मात्र आपलं मत. त्यावर वाद नाही.

पानांबद्दल: हे पुस्तक जुजबंदीचं, म्हणजे दोऱ्याने शिवलेलं आहे, त्यामुळे सुटतो तो सहसा 16 पानांचा अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेला पानांचा गठ्ठा. तो फेव्हिकॉलने चिकटवू नका. गोंद पाठीत उतरून शेजारचे फर्मेही कडक होतात आणि पुस्तक उघडताना तिथेच तडकतं. सुटलेल्या पानांचा आणि पावतीचा फोटो पाठवा, नवी प्रत आमच्या खर्चाने येईल. जुनी परत करायची गरज नाही.

– प्रकाशक