सोसायटीचा एसटीपी खरंच पांढरा हत्ती आहे का? ग्रुपवर फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या काही उन्हाळ्यांपासून पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच. सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी हा बिल्डरने आपल्या गळ्यात बांधलेला पांढरा हत्ती आहे. तो वीज खातो, वास मारतो, त्याचं पाणी वापरलं तर रोगराई होते. त्यापेक्षा टँकर परवडतो. सांडपाण्याचं बघणं महापालिकेचं काम आहे आणि आपण कर भरतो. लहान केंद्रांपेक्षा एक मोठं केंद्र केव्हाही स्वस्त. तेव्हा आपला एसटीपी बंद ठेवा आणि तपासणीला कोणी आलंच तर तेवढ्यापुरता चालू करा.

मागच्या आठवड्यात हा मेसेज आमच्याही ग्रुपवर आला आणि खाली पटापट अंगठे पडले. मी सहा वर्षं आमच्या कमिटीत पाणी आणि एसटीपी हेच खातं सांभाळलं आहे. लोकांचा वैताग मला समजतो, तो खराही आहे. पण या मेसेजमुळे चालू केंद्रं बंद पडताना मी पाहिली आहेत, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

"एसटीपी तोट्यात, टँकर परवडतो"

हिशेब मांडू. दोनशे फ्लॅट, घरटी चार माणसं. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, म्हणजे रोज १ लाख ८ हजार लिटर. त्यातलं साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन खाली येतं. म्हणजे ८६ हजार लिटर. माणशी १३५ लिटरपैकी ४५ लिटर नुसत्या फ्लशला लागतात, ८०० माणसांचे झाले ३६ हजार. बाग आणि पार्किंग धुणं मिळून आणखी चार हजार धरा. शुद्ध केलेलं पाणी इथे वापरलं, तर दहा हजार लिटरचे चार टँकर रोज वाचतात.

आता खर्च. हजार लिटरमागे दीड युनिट वीज आणि युनिटला दहा रुपये धरले, तर दिवसाचे तेराशे. दोन पाळ्यांचे ऑपरेटर महिन्याला चाळीस हजारांत, म्हणजे पुन्हा दिवसाचे तेराशे. हायपो म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण, फिल्टरची वाळू, गाळ उचलणं, लॅबची तपासणी, दुरुस्ती यांचे सहाशे. एकूण ३२०० रुपये. टँकर हजार रुपयांना धरला तर चार टँकरचे ४०००. दर मी समजायला सोपे म्हणून धरलेत. आपापल्या सोसायटीची बिलं काढा आणि त्या जागी तुमचे आकडे घाला. एप्रिल-मेमध्ये टँकरवाला कोणता भाव सांगतो, तो आकडा मात्र विसरू नका.

पण खरी गोम पुढेच आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, आणि सांडपाणी शुद्ध करणं ही त्या मंजुरीतली अट असते. म्हणजे ते ३२०० रुपये तुम्हाला तसेही खर्चायचेच आहेत. पाणी वापरा नाहीतर नाल्यात सोडा, त्या खर्चात फार फरक पडत नाही. फरक पडतो तो त्या चार हजारांत. पाणी वापरलंत तर ते वाचतात, सोडलंत तर खिशातून जातात.

आमच्याकडे नेमकं हेच चाललं होतं. शुद्ध केलेलं पाणी फ्लशला नेणाऱ्या वेगळ्या लाइनचा पंप जळाला होता, कोणीतरी व्हॉल्व्ह फिरवून फ्लशला चांगलं पाणी जोडून दिलं होतं, आणि नंतर ते सगळेच विसरले. एका सकाळी मी गेटजवळ उभा होतो. उजवीकडे टँकरचा जाड पाइप आमच्या टाकीत पाणी ओतत होता. डावीकडे दहा पावलांवर भिंतीतल्या पाइपातून आमचंच शुद्ध केलेलं पाणी नाल्यात पडत होतं. दोन्ही धारा जवळपास सारख्याच जाड. दीड वर्ष हे असंच चाललं होतं, आणि त्या दीड वर्षाच्या एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभांत, आम्ही सगळे "एसटीपी परवडत नाही" म्हणून भांडलो होतो. नवा पंप आणि प्लंबरची मजुरी यांचा खर्च आठवडाभराच्या टँकरांपेक्षाही कमी आला.

यात एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वीस-पंचवीस फ्लॅटच्या एकट्या इमारतीने कर्ज काढून नवं यांत्रिक केंद्र बसवणं मला पटत नाही. ऑपरेटरचा पगार वाटून घ्यायला तिथे माणसंच नसतात. अशा ठिकाणी न्हाणीघराचं पाणी वेगळं काढून ते साध्या पद्धतीने गाळणं किंवा दोन-तीन इमारतींनी मिळून एक केंद्र चालवणं बरं. जागा असेल तर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची फायटोरिड पद्धत आहे, त्यात पाणवनस्पती आणि खडीचे थर काम करतात. आयआयटी मुंबईत प्राध्यापक एच. एस. शंकर यांनी विकसित केलेली मातीवर आधारलेली पद्धतही आहे. दोन्हींत पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर चोवीस तास चालवावा लागत नाही.

उलट हॉटेल, हॉस्पिटल, होस्टेल, कारखान्याचं कँटीन, आयटी पार्क या ठिकाणी पैसा गुंतवायला मी बेधडक सांगेन. तिथे सांडपाणी रोज ठरल्या प्रमाणात येतं आणि मोठ्या एसी यंत्रणेचा कूलिंग टॉवर ते पाणी रोज पितो. पैसा घालणाऱ्याने तीनच गोष्टी बघाव्यात: आज बाहेरचं पाणी काय भावाने घेतो, सांडपाणी बारा महिने येतं का, आणि शुद्ध झालेलं पाणी रोज वापरणारं गिऱ्हाईक त्याच कंपाउंडमध्ये आहे का. तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर यंत्र कितीही भारी असो, पैसे अडकले म्हणून समजा. सगळं भांडवल आपण घालायचं नसेल, तर कंपनीने केंद्र बांधायचं, चालवायचं आणि हजार लिटरमागे दर घ्यायचा, असेही करार होतात. त्यात विजेचं बिल कोण भरणार आणि पाण्याचा दर्जा घसरला तर दर कापणार का, ही दोन कलमं डोळ्यांत तेल घालून वाचा.

"वास मारतो"

मारतो. बंद पाडलेला किंवा अर्धवट चालवलेला एसटीपी नक्कीच मारतो. पण का, ते बघा.

सांडपाणी शुद्ध करतात ते जिवाणू. ब्लोअर ते जगावेत म्हणून खालून हवा सोडतो. हवा मिळते तोवर ते मैला खातात आणि टाकीला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. हवा बंद झाली की हे जिवाणू मरतात, त्यांच्या जागी हवेशिवाय जगणारे येतात, आणि सडलेल्या अंड्याचा वास सुटतो. आमच्या आधीच्या कमिटीने वीज वाचवायला रात्री आठ तास ब्लोअर बंद ठेवायचा फतवा काढला होता. चार दिवसांत बी विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी खिडक्या लावून घेतल्या, आठवड्याने तक्रारअर्ज आले, महिन्याने "हा प्लांटच भिकार आहे" असं ठरलं.

आमचा ऑपरेटर, बीडकडचा एक तरुण पोरगा, त्याने मला एक साधी परीक्षा शिकवली. एअरेशन टँकमधलं, म्हणजे ब्लोअरची हवा सुटते त्या टाकीतलं, पाणी लिटरभराच्या काचेच्या उभ्या नळीत भरायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. चहाच्या रंगाचा गाळ सावकाश खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. गाळ पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत बसला तर जिवाणूंची तब्येत ठीक. काळा पडला तर हवा कमी. बसलाच नाही तर कोणीतरी ड्रेनेजमध्ये ॲसिड किंवा फिनेल ओतलं. त्याने रोजची नोंद वहीत ठेवली, मी दर रविवारी वही बघायला लागलो, आणि वासाच्या तक्रारी थांबल्या. या मुलाचा पगार पाचशे रुपयांनी वाढवायला आमच्या मीटिंगमध्ये पाऊण तास वाद झाला होता, याचं मला अजून वाईट वाटतं. केंद्र चालतं ते त्याच्या जिवावर.

"ते पाणी वापरलं तर रोगराई होते"

हे पाणी प्यायला कोणीच सांगत नाही. ते फ्लशला, झाडांना आणि कूलिंग टॉवरला वापरायचं. वाळूच्या आणि कार्बनच्या फिल्टरमधून काढून, क्लोरीन देऊन, दर महिन्याला लॅबमध्ये तपासून. झाडांना देताना फवारा उडवायचा नाही, ठिबकने द्यायचं.

खरा धोका एकच, आणि तो मेसेजमध्ये नाही. फ्लशची लाइन आणि पिण्याची लाइन चुकून एकमेकींना जोडली जाणं. फ्लॅटचं नूतनीकरण करताना प्लंबर हे करून ठेवतो. म्हणून दोन्ही पाइपांचे रंग वेगळे हवेत आणि बाथरूम फोडायच्या आधी कमिटीची परवानगी सक्तीची हवी. वर्षातून एकदा फ्लशच्या टाकीत रंग घालून नळ तपासायचे.

आणि टँकरचं पाणी निर्धोक असतं, हे कोणी ठरवलं? २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडले, तेव्हा सगळ्यांच्या नजरा पाण्याकडेच वळल्या होत्या आणि विहिरी, टँकर, खासगी आरओ केंद्रं यांचे नमुने तपासायची धावपळ झाली होती. टँकर कुठल्या विहिरीवर भरला, हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

"हे महापालिकेचं काम आहे"

तत्त्व म्हणून मान्य. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२१ चा अहवाल सांगतो की देशाच्या शहरांत दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्ष शुद्ध होतं २०,२३६. पुण्यातच बघा. मुळा-मुठेसाठी जपानच्या जायका संस्थेच्या मदतीची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली, ११ केंद्रं आणि ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता. कामं प्रत्यक्ष सुरू व्हायलाच कित्येक वर्षं गेली. मधल्या काळात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. तिथे आधी टॉवर उभे राहिले, ड्रेनेज मागून येतं आहे.

आपण नाल्यात सोडतो ते मुठेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि उजनीत जातं. सोलापूरला पिण्याचं पाणी उजनीतून मिळतं. कर आपण भरतो हे खरं, पण सोलापूरकरही भरतात. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो आणि वारकरी त्यातच स्नान करतात, तेव्हा आपण सगळे हळहळतो. तो फेस वरच्या अंगाच्या गावांतून, कारखान्यांतून आणि आपल्यासारख्याच सोसायट्यांतून येतो.

"एक मोठं केंद्र स्वस्त पडतं"

शुद्धीकरणापुरतं बोलायचं तर लिटरमागे मोठं केंद्र स्वस्तच. पण सांडपाणी तिथवर न्यायच्या वाहिन्या आणि पंपिंग यांत एकूण भांडवलातला निम्म्याहून जास्त पैसा जातो. केंद्र नदीकाठी सखल भागात असतं, म्हणजे शुद्ध झालेलं पाणी शहराच्या कडेच्या उंड्री किंवा सूसच्या चढावर परत आणायचं तर पुन्हा वाहिनी, पुन्हा वीज. मोठ्या केंद्राचा हिशेब जमतो तो गिऱ्हाईकही मोठं असेल तेव्हा. नागपूरने हे करून दाखवलं आहे. शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणानेही सांडपाणी केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना असं पाणी वापरणं बंधनकारक केलं. पेठांसारख्या दाट वस्तीत मोठं केंद्रच हवं. पण शहराच्या कडेला जिथे वाहिनीच नाही, तिथे पाणी शुद्ध करायची आणि वापरायची जागा एकच असेल तरच पैसा वाचतो.

"उरलेल्या पाण्याचं काय करणार?"

वरच्या हिशेबात ८६ हजारांपैकी ४० वापरले, ४६ हजार उरले. त्याला गिऱ्हाईक आहे. पुण्यात बांधकामाला प्रक्रिया केलेलंच पाणी वापरायचं बंधन आहे आणि आपल्या कडेच्या भागात गल्लोगल्ली बांधकामं चालू आहेत. बेंगळुरूत २०२४ च्या टंचाईत कर्नाटक सरकारने अपार्टमेंटना निम्म्यापर्यंत शुद्ध केलेलं पाणी विकायची मुभा दिली. आपल्याकडे अशीच स्पष्ट परवानगी सोसायट्यांनी मिळून मागायला हवी. सोसायट्यांच्या महासंघांच्या बैठकीत पार्किंगवर तासन् तास बोलणं होतं, त्यात यालाही दहा मिनिटं द्या.

"बंद ठेवा, तपासणी आली की चालू करा"

हा मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. जिवाणू बटण दाबून जिवंत होत नाहीत. आम्ही बंद पडलेला प्लांट उठवला तेव्हा शेजारच्या सोसायटीच्या चालू टाकीतून विरजणासारखा गाळ टँकरने आणला, शेण आणि गूळ घातला, ब्लोअर रात्रंदिवस चालवला. पाणी नितळ व्हायला तीन आठवडे लागले. तपासणीच्या सकाळी चालू केलेल्या प्लांटमधून जे बाहेर पडतं ते हवा मारलेलं सांडपाणीच असतं, आणि त्याचा नमुना लॅबमध्ये नापास होतो.

शिवाय महिनोन् महिने बंद असलेल्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो. झाकण उघडून पंप काढायला माणूस आत उतरला तर दोन श्वासांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणं गुन्हा आहे. तुमचा प्लांट आज बंद असेल, तर चालू करायच्या घाईत वॉचमनला किंवा प्लंबरला "जरा बघ रे आत" असं म्हणू नका. झाकण उघडून, बाहेरून हवा सोडून, गॅस मोजायचं यंत्र असलेल्या माणसांनाच बोलवा.