मिनिमम ड्यू

आमच्या घरात ‘उधारी’ हा शब्द शिव्यांच्या रांगेत बसतो. सातवीत असताना मी वर्तकनगरच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पाच रुपयांचं चॉकलेट ‘नंतर देतो’ म्हणून घेतलं होतं. बाबांना कळल्यावर त्यांनी मला दंडाला धरून दुकानात नेलं, पाच रुपये द्यायला लावले आणि वर वाण्यालाच झापलं, “पोराला उधार दिलंतच कसं?” वाण्याच्या डोक्यावर ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी होती. तो बिचारा एकदा पाटीकडे आणि एकदा बाबांकडे बघत राहिला.

अशा घरातल्या मुलानं सव्विसाव्या वर्षी ऐंशी हजारांची उधारी केली. अर्थात तिला उधारी म्हणत नाहीत. लिमिट म्हणतात.

कार्ड मला एका मॉलमध्ये मिळालं. टाय लावलेला एक मुलगा सरकत्या जिन्याच्या तोंडाशी उभा होता. माझ्याच वयाचा, पण मला ‘सर’ म्हणाला. तोवर मला ‘सर’ फक्त रिक्षावाले म्हणत, तेही “सर, घोडबंदरला नाही जाणार” एवढं सांगण्यापुरतं. लाइफटाइम फ्री, पेट्रोलवर सूट, वर्षातून आठ वेळा विमानतळावर लाउंज फुकट. मी तोवर विमानात बसलोच नव्हतो. माझा सगळा प्रवास ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून ऐरोलीपर्यंत, मध्ये फक्त दिघा गाव. पण कधी बसलोच, तर लाउंजची सोय असावी म्हणून मी सही केली. सोबत एक ट्रॉली बॅग फुकट मिळाली. तिची चेन तिथेच तुटली. शकुन म्हणून तेवढा पुरे होता, पण ज्याला कळायचा त्याला.

पगार चौतीस हजार आणि लिमिट एक लाख. ज्याला घरचे दूध आणायला शंभराची नोट देताना “सुट्टे मोजून आण” असं बजावतात, त्याच्यावर एका अनोळखी बँकेनं लाखाचा विश्वास टाकला होता. मला खरोखर भरून आलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मला पाठ होतं. इथे बँकेनं अंथरूणच डबल बेडचं दिलं होतं.

पहिले काही महिने मी आदर्श नागरिक होतो. मग ऑफिसात शुक्रवारची जेवणं सुरू झाली. नऊ जणांची टोळी, बिल ७,२०० रुपये आणि एक ठरलेलं वाक्य: “तू कार्ड मार, आम्ही तुला यूपीआय करतो.” मी कार्ड मारायचो. पॉइंट मिळायचे ना! माझ्या कार्डावर दीडशे रुपयांना दोन पॉइंट आणि एका पॉइंटचे पंचवीस पैसे. म्हणजे ७,२०० वर २४ रुपये. त्यात स्टेशनाबाहेर एक वडापाव आला असता. बाकीच्यांचे आठशे-आठशे लगेच खात्यात पडायचे आणि खात्यात पैसे दिसले की मला श्रीमंत वाटायचं. ते माझे नाहीत, बँकेचे आहेत, हे खात्याच्या आकड्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. आठशे आठशे करत आलेले पैसे तसेच सुटे सुटे निघून जायचे. बिल मात्र एकरकमी यायचं.

पण मला बुडवलं ते शुक्रवारांनी नाही, साडेसहाशे रुपयांनी.

एका महिन्यात बिल आलं २४,६५० चं. मी भरले २४,०००. कारण काही नाही, आकडा गोल बरा दिसतो. उरलेले ६५० पुढच्या महिन्यात देऊ, त्यांवर व्याज लागून लागून किती लागणार? वीस-पंचवीस रुपये? पुढच्या बिलात व्याज होतं ९१८ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. बाकी साडेसहाशेची आणि व्याज नऊशेचं! मी कस्टमर केअरला फोन लावून तावातावानं सांगितलं, की तुमचा संगणक बिघडलाय. पलीकडच्या बाईंनी शांतपणे समजावलं, की सर, बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत संपते आणि व्याज उरलेल्या रकमेवर लागत नाही. सगळ्या खरेदीवर, ज्या दिवशी खरेदी केली त्या दिवसापासून, पैसे भरेपर्यंत लागतं. आणि जुनी बाकी शून्यावर येत नाही, तोवर नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून. रिक्षा तीन हात नाक्याला अडकली तर मीटर निदान हळू पडतं. हे मीटर रविवारी आणि गणपतीतही त्याच वेगानं पळत होतं.

शहाण्या माणसानं इथं कार्ड कपाटात टाकलं असतं. मी सायकल घेतली.

गिअरची, बेचाळीस हजारांची. बेत असा, की रोज सकाळी उपवनला चक्कर, रविवारी येऊर. येऊरचा चढ मी एकदाच चढलो. म्हणजे अर्धा चढलो, उरलेला सायकलला धरून चाललो आणि शेजारून एक साठीचे आजोबा साध्या सायकलवरून “चला, चला” म्हणत पुढे गेले. चार फेऱ्यांनंतर सायकल गॅलरीत स्थिरावली. हँडलला आईच्या ओढण्या, सीटवर बाबांचा बनियन. सत्तावीस गिअरचं कपडे वाळत घालायचं स्टँड वर्तकनगरात दुसरं नसेल.

त्यानंतर माझ्या आयुष्यात ती आली. मिनिमम ड्यू. बिलावर दोन आकडे असतात. एक ‘टोटल ड्यू’, बघितला की पोटात गोळा येतो. त्याच्या शेजारी हा, लाडका, समजूतदार. ऐंशी हजार नाहीत ना? बरं, चार हजार दे. चार हजार भरले की ‘धन्यवाद’ असा मेसेज यायचा आणि हिरवी टिकमार्क. शाळेत गणिताच्या वहीत न मिळालेली टिकमार्क मला दर महिन्याला मिळत होती. असे आठ महिने काढल्यावर, एकदा ऐरोलीला गाडी खोळंबली असताना, मी मोबाइलवर हिशोब केला. बाकी ८०,०००. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे व्याज २,८००. त्यावर जीएसटी ५०४. झाले ३,३०४. मी भरणार ४,०००. म्हणजे कर्ज कमी होणार ६९६ रुपयांनी. त्याच आठवड्यात कार्डावर आठशेची चप्पल घेतली होती.

गाडी सुटली. पुढचं गणित मी केलं नाही.

वकिली करणाऱ्या एका मित्रानं आशा लावली होती. म्हणाला, ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं अनुचित आहे असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ सालीच म्हटलंय, तुझं ४२ टक्के पडतंय, आपण लढू. मी दोन दिवस छाती पुढे काढून फिरलो. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, की डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केलाय, सॉरी. सल्ल्याची फी घेतली नाही, पण त्या संध्याकाळच्या मिसळीचे पैसे मीच दिले. कार्डानं.

मग मामेभावाचं लग्न निघालं. आहेर, सदरा, नाशिकची गाडी. ऋण काढून सण म्हणतात तो हाच. त्या महिन्यात मिनिमम ड्यूही चुकला आणि फोन सुरू झाले. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर करायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माझ्या बँकेला तो तोंडपाठ होता. आठ वाजून दोन मिनिटांनी पहिला फोन. मी तो नंबर ‘एसी सर्व्हिस’ नावानं सेव्ह केला आणि ही आपली हुशारी बघून स्वतःवरच खूश झालो.

चौथ्या दिवशी मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर आई फोन हातात धरून उभी.

“एसी सर्व्हिसवाल्याचे तीन फोन येऊन गेले,” ती म्हणाली. “आपल्याकडे एसी कुठंय?”

बाबांनी स्टेटमेंटचा प्रिंटआउट काढून आणायला लावला. वागळे इस्टेटच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळण्यात बत्तीस वर्षं गेलेला माणूस. त्यांनी चष्मा पुसला, फूटपट्टी घेतली आणि एकेका ओळीखाली पट्टी सरकवत सगळं वाचलं. मी समोर उभा. पट्टी एका ओळीवर थांबली.

“हे फायनान्स चार्जेस म्हणजे काय?”

“व्याज.”

“मग व्याज लिहायला काय झालं?”

याला उत्तर नव्हतं. त्यांनी कागदाच्या कडेला टक्केवारी काढली, पुन्हा काढली. मग म्हणाले, “सरकारनं परवाना दिलेल्या सावकारालासुद्धा बिगरशेती, बिनातारण कर्जावर वर्षाला अठरा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. तू बेचाळीस देतोयस. आणि वर बॅग मिळाली म्हणून खूश.” सायकलीच्या ओळीवर पट्टी आली तेव्हा त्यांनी गॅलरीकडे पाहिलं. बनियन वाऱ्यावर हलत होता. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

बँकेत स्वस्त कर्ज काढून हे फेडावं, तर सिबिल स्कोअर पार घसरलेला. कर्ज बुडायला लागल्यावर कर्ज मिळत नाही, हे मला तेव्हा कळलं. शेवटी आईनं भिशीचं काढलं. आमच्या इमारतीत बारा बायकांची भिशी आहे. दरमहा पाच हजार, चिठ्ठी निघेल तिला साठ हजार, व्याज शून्य. नवं वर्ष नुकतंच सुरू होत होतं आणि पहिल्या महिन्याची भिशी अडलेल्याला द्यायची अशी त्यांच्यात पद्धत आहे. फक्त अडलंय काय, ते सगळ्यांसमोर सांगावं लागतं. आईनं सांगितलं. साबुदाणा वडे खात अकरा बायकांनी माझी सायकल, माझे शुक्रवार आणि माझा लाउंज ऐकला. मी आतल्या खोलीत होतो. “विमानात बसलाय का पण कधी?” हा प्रश्न मला भिंतीतून स्पष्ट ऐकू आला.

उरलेल्या वीस हजारांपैकी पंधरा सायकलीचे आले. घ्यायला कासारवडवलीहून एक मुलगा आला होता. डोळ्यांत तीच चमक. गिअर फिरवून बघितले आणि विचारलं, “कार्ड चालेल का?” मी त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणालो, “रोख आण.” माझ्या तोंडून साक्षात बाबा बोलले.

ऐंशी हजार भरले. पुढचं बिल आलं ६५१ रुपये ७५ पैशांचं! बिल तयार झाल्यापासून मी पैसे भरेपर्यंत जे सहा दिवस गेले, त्यांचं व्याज आणि त्यावरचा जीएसटी. साडेसहाशेपासून निघालो होतो, साडेसहाशेलाच येऊन पोचलो. या वेळी पंचाहत्तर पैशांसकट भरले. वर पाच रुपये जास्तच टाकले.

कार्ड बंद करायला फोन केला, तर पलीकडून आवाजात एकदम मध आला. सर, तुमच्यासारख्या जुन्या ग्राहकाला आम्ही दीड लाखाचं लिमिट देतोय. मी नको म्हणालो. बाकी नसेल, तर अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. नाही केलं, तर बँकेनं ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे, असा २०२२ पासूनचा नियम आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी बँकेच्या दिरंगाईसाठी देव पाण्यात घातले. महिनाभर विसरा, दोन महिने विसरा. कोपिनेश्वराला जाऊन आलो. पाचव्या दिवशी कार्ड बंद झाल्याचा मेसेज आला.

आता उरली भिशी. मला वाटलं होतं, आईच्या हातात पाच हजार ठेवले की झालं. पण भिशीची वही सांभाळणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आधीच जाहीर केलं होतं, “याचा हप्ता मी याच्याच हातून घेणार.” रिझर्व्ह बँकेचे नियम काकूंना लागू नाहीत. सकाळी साडेसहाला, मी ब्रश करताना, जिन्यात, लिफ्टमध्ये, महिन्याच्या पाच तारखेला काकू कुठेही उगवायच्या. बँकेचा फोन कट करता यायचा. काकूंची बेल नाही. एकदा तलावपाळीला मित्रांबरोबर आइस्क्रीम खात होतो, तर मागून आवाज आला, “काय रे, बोनस झाला वाटतं?” तारीख होती दोन. मी अर्धा कोन मित्राच्या हातात दिला. मिनिमम ड्यू काकूंना माहीतच नाही. एका महिन्यात साडेचार हजार पुढे करून बघितले. काकूंनी नोटा मोजल्या आणि उरलेले पाचशे येईपर्यंत दारातच उभ्या राहिल्या. शेवटी बाबांनी आतून आणून दिले आणि आपल्या डायरीत ‘चिरंजीव: येणे ५००’ असं लिहून ठेवलं.

शेवटचा हप्ता गेला तेव्हा काकूंनी वहीत माझ्या नावापुढे आडवी रेघ मारली आणि पेन खिशाला लावावं तसं ब्लाउजला लावलं.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला सकाळी पावणेसातला बेल वाजली. मी झोपेतच उठलो, पाकिटातून पाच हजार काढले, दार उघडलं आणि काकूंच्या हातात ठेवले. काकूंनी ते मोजले. दोनदा मोजले. मग म्हणाल्या, “अरे, मी विरजण मागायला आले होते.”

पैसे त्यांनी परत दिले. विरजणाची वाटी मात्र अजून यायची आहे.