शिव्या कुणाला द्यायच्या, ते आधी ठरवा

ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून चिर्र असा आवाज येतोय? एकदम घाबरून जाऊ नका. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून गाडी थांबवतो तो पॅड, आणि बऱ्याच गाड्यांच्या पॅडला पत्र्याची एक बारीक पट्टी मुद्दाम लावलेली असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला घासते आणि मालकाला हाक मारते. करणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, फक्त त्याने लक्ष्मी रोड पाहिलेला नसावा. आपल्याकडे हा आवाज दोन-तीन महिने बिनखर्चाचा हॉर्न म्हणून वापरता येतो. सिग्नल आला की पुढचा स्कूटरवाला आपणहून मागे वळून बघतो आणि बाजूला होतो.

पुढे त्या चिर्रचं खर्र होतं. म्हणजे पॅडचा मसाला संपला आणि आता लोखंडावर लोखंड घासतंय. आता मात्र ठरवायला हवं: काम स्वतः करायचं की मेकॅनिकला पैसे द्यायचे?

इथे बहुतेक लोक पैशांचा हिशेब मांडायला बसतात. तुम्हीही मांडा. छोट्या गाडीच्या पुढच्या चाकांचे पॅड समजा दीड-दोन हजारांना आले. ते काम कुणीही केलं तरी घ्यायचेच. प्रश्न उरला मजुरीचा, समजा चारशे रुपये. हे चारशे वाचवायचे तर गाडी उचलून धरायला घोड्या हव्यात, कारण डिकीतला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. शिवाय टॉर्क पाना, पॅडला दाबणारा पिस्टन आत ढकलायला क्लॅम्प, ब्रेक क्लीनरचा डबा, हातमोजे. साडेसहा हजार कुठे गेले कळत नाही. पॅडचा एक संच तीस हजार किलोमीटर टिकतो असं धरलं, तर सतरा वेळा पॅड बदलून, गाडी पाच लाख किलोमीटरांच्या वर पळाली की तुम्ही नफ्यात. तोवर हत्यारं काही वाया जात नाहीत. खंडेनवमीला पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून फोटो काढायला ती उत्तम. एरवी त्या पाटावर चार चमकदार स्क्रू ड्रायव्हर आणि सुनेचा लॅपटॉप एवढंच असतं.

तेव्हा पैशांवरून काही ठरत नाही. ठरवायचं असतं ते वेगळंच: उद्या गाडी थांबली नाही तर शिव्या कुणाला द्यायच्या? चारशे रुपये ही मजुरी नव्हेच. दोष ठेवायला एक माणूस भाड्याने मिळतो, त्याचं ते भाडं आहे. चाक कुणीही खोललं तरी फरक पडत नाही, एवढं एकदा मनात पक्कं झालं की पुढचं सगळं सोपं जातं.

आधी स्वतः करण्याचा मार्ग घेऊ. तुमची पात्रता निर्विवाद आहे. पास्कलचा नियम तुम्ही शाळेत पाठ केला होता आणि बंद नळ्यांतल्या द्रवातून पायाचा जोर चारही चाकांना कसा पोचतो, त्याची आकृती काढून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. शिवाय काल रात्री व्हिडिओ पाहून झालाय. त्यातल्या अमेरिकन गृहस्थाकडे स्वतःचं गॅरेज होतं, बोल्ट नवेकोरे होते आणि स्टिअरिंग डावीकडे होतं. तुमच्याकडे सोसायटीचं तळघर, एक मिणमिणती ट्यूब आणि तीन पावसाळे गंजलेला बोल्ट आहे. किरकोळ फरक आहे. गंजलेला बोल्ट सैल होण्यासाठी त्यावर तेलाचा फवारा मारा आणि तो डिस्कवरही उडू द्या. आवाज जागच्या जागी बंद होईल. ब्रेकही बंद होईल, पण तुमची तक्रार आवाजाची होती.

घोड्या महाग वाटल्या तर विटा आहेतच. बिल्डरने त्या भिंतीसाठी आणल्या होत्या आणि एकेका विटेवर गाडीचा चतकोर भार पडला की त्यांचा भुगा होऊ शकतो, पण इतक्या तांत्रिक तपशिलात आपण जायला नको. एवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका खाली येतीलच. त्यांच्या फियाटला चारही चाकांना डिस्कऐवजी ड्रम ब्रेक होते आणि ते स्वतः लायनर बदलायचे. त्यांना बसायला खुर्ची द्या. ते जाणार नाहीत.

कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ठेवणारा चिमटा, सुटला की तो तारेने वर बांधून ठेवायचा असतो. तुम्ही तो ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, म्हणजे होजवरच लोंबकळत सोडा. होजला आतून चीर गेली तरी बाहेरून काही दिसत नाही आणि न दिसणाऱ्या गोष्टीचं टेन्शन घ्यायचं नसतं. पिस्टन आत ढकलताना वरच्या डबीतून ब्रेक ऑइल उतू जाईल आणि बॉनेटखालचा रंग सोलून काढेल. नवे पॅड बसवताना मसाल्याची बाजू डिस्ककडे हवी. पत्र्याची बाजू डिस्ककडे करून पॅड बसवणारी माणसं जगात आहेत, आणि तीही व्हिडिओ बघूनच आलेली असतात.

पॅड बदलताना एअर, म्हणजे नळ्यांत शिरलेली हवा, काढायची खरं तर गरज नसते. पण एवढं उघडलंच आहे तर ऑइलही बदलून टाकू, असा मोह तुम्हाला होणार. नवी बाटली विकत आणू नका. माळ्यावर मागच्या खेपेची अर्धी उरलेली आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे अर्धवट उघड्या बाटलीत दोन पावसाळ्यांचा ओलावा मुरलेला असतो. डॉट-३ प्रतीचं ऑइल कोरडं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळायचं नाही, असं मानक सांगतं. पाणी मुरलं की हीच हमी १४० अंशांवर येते. पण अर्धी बाटली फेकून द्यायची म्हणजे किती जिवावर येतं! फारच कमी पडलं तर उरलेलं इंजिन ऑइल ओता. त्याने आतले रबरी सील फुगतील आणि सगळीच यंत्रणा नवी घ्यावी लागेल. एका परीने गाडी नवी झाल्यासारखंच.

एअर काढायला माणसं दोन लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचं निपल पान्याने ढिलं करायचं, बुडबुड्यांसकट ऑइल बाहेर पडू द्यायचं, निपल आवळायचं आणि मगच पेडल सोडायला सांगायचं. संसाराची वर्षं कितीही झाली असोत, या कामाला बायकोलाच बसवा.

"दाब."

"दाबला."

"धरून ठेव."

"धरलाय. पाय भरून आला."

"सोडू नको!"

नेमका याच क्षणी सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होतो आणि ड्रायव्हरच्या सीटपर्यंत फक्त "सोड" एवढंच पोचतं. निपल उघडं असताना पेडल सुटलं की नळी बाहेरची हवा आत ओढते. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून तुम्ही केलेला सगळा जोर आता त्या बुडबुड्यातच खर्च होणार. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला वरून शांतपणे विचारणा होते, "कोपऱ्यावरचं गॅरेज रविवारी उघडं असतं ना?" या प्रश्नाला उत्तर देऊ नये. मुख्य म्हणजे इथे शिव्या द्यायला बाहेरचा माणूस नसतो आणि घरातल्या माणसाला दिल्या तर संध्याकाळचा चहा स्वतःलाच करावा लागतो.

सगळं आवळून झालं, चाकं चढली, काकांनी मान डोलावली. आता पेडल चार-पाचदा दाबून पिस्टन पॅडला टेकवायचा असतो, कारण तो आत ढकललेला आहे आणि पहिल्यांदा पेडल थेट तळाला जातं. ही पायरी तुम्ही गाळा. गाडी सुरू करा आणि रिव्हर्स घ्या. पार्किंगचे खांब आरसीसीचे आणि भरवशाचे असतात.

हे वाचून तुम्ही मेकॅनिककडे वळला असाल, तर अभिनंदन. आता दोष ठेवायला हक्काचा माणूस आला. तो बॉनेटला टेकून आधी विचारील, "आधी कुणी हात लावलाय?" याला ज्ञानाची भूक समजू नका. तोही त्याच्या वाट्याच्या शिव्यांची सोय बघतोय. मग "ओरिजनल टाकू की लोकल?" ओरिजनल म्हणा. लोकल आलं तरी तुम्ही ओरिजनल म्हणाला होतात, हे नंतर चारचौघांत सांगता येतं. डिस्कला चर पडले असतील तर तो लेथवर टर्निंग मारून, म्हणजे वरचा थर कापून सपाट करून आणेल. डिस्कची कमीत कमी जाडी किती हवी, हे बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेलं असतं. ते वाचायला वाकू नका, त्याला अविश्वास वाटेल. काढलेले जुने पॅड दाखवायला सांगणं हा तर सरळसरळ अपमान. काही हुशार कारागीर पॅड बदलतच नाहीत, काचपेपर मारून तेच पुन्हा बसवतात. आवाज जातो, गिऱ्हाईक खूश होतं आणि पर्यावरणाचाही फायदा.

काम बारक्या करतो. मालक फोनवर असतो. ट्रायलही बारक्याच मारतो, गल्लीच्या टोकापर्यंत, एका हाताने. परत आल्यावर "मस्त झालाय, बिनधास्त न्या." तुम्हाला पेडल जरा खोल वाटलं तर "साहेब, नवीन माल आहे, सेट व्हायला दोनशे किलोमीटर लागतील." नवे पॅड डिस्कला जुळायला थोडं अंतर लागतं हे खरंच आहे. अर्ध्या खऱ्या वाक्यासारखं टिकाऊ स्पेअर पार्टच्या दुकानातसुद्धा मिळत नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं फार सांगत नाही. तिथे एसी आहे, कॉफी आहे, आणि ब्रेकसाठी गेलेला माणूस डॅशबोर्ड पॉलिश करून परततो.

मला स्वतःला विचाराल तर सर्वोत्तम मार्ग तिसरा आहे. पार्ट तुम्ही नाना पेठेत फिरून, घासाघीस करून आणायचे आणि बसवायला मेकॅनिकला द्यायचे. ब्रेक लागला नाही तर तो म्हणतो "माल तुमचा होता," तुम्ही म्हणता "बसवला तुम्ही," आणि दुकानदार म्हणतो "इलेक्ट्रिकल आणि ब्रेकचा माल परत घेत नाही, पाटी वाचा." तीन माणसं, तिन्ही निर्दोष. एवढं चोख काम एकट्या माणसाला जमत नाही.

सरकारचाही तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. खासगी गाडी एकदा नोंदवली की फिटनेस तपासणीसाठी पंधरा वर्षं कुणी बोलावत नाही. टॅक्सीला आणि ट्रकला नेमाने जावं लागतं. तुमच्याकडे मागतात ती पीयूसी, आणि तिच्यात बघतात तो धूर. गाडी थांबते का, हे त्या कागदावर कुठेच नसतं. गाडी बनवणारे मात्र जरा साशंक. त्यांनी ब्रेकच्या लायनी दोन ठेवल्या. एक फुटली तरी दुसरीवर निम्मा ब्रेक लागतो. उरलेला निम्मा पूर्वपुण्याईवर.

आता त्या पुण्याईची परीक्षा. पहिला पाऊस पडला, गाडीत पाच माणसं, डिकीत भजीचं सामान आणि रस्ता ताम्हिणी घाटाचा. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच तिला धरून ठेवतं, पण त्याने पेट्रोल जळतं अशी आपली ठाम समजूत आहे. (आजच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंधन बंद करतात आणि न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं जाळतात. हे कुणाला सांगू नका, मन दुखावतं.) म्हणून न्यूट्रल. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारे ट्रकवालेही हेच करतात. सगळा भार पॅडवर, पॅड तापले, माळ्यावरच्या बाटलीतलं पाणी उकळलं, नळीत वाफ झाली आणि पेडल गादीसारखं मऊ लागलं.

एवढं झाल्यावरही दुसऱ्या दिवशी बातमीत तुमचं नाव येत नाही, मेकॅनिकचंही नाही. बातमी असते "ब्रेक फेल झाल्याने". म्हणजे तो आपला आपणच झाला. शिव्या देण्यासाठी याहून सोयीचा इसम नाही. तो उलट बोलत नाही.

फक्त कोर्टात थोडी अडचण येते. १९७७ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की यांत्रिक बिघाडाने अपघात झाला असं म्हणणाऱ्या मालकाने हेही सिद्ध करायचं, की योग्य ती काळजी घेऊनसुद्धा तो बिघाड कळण्यासारखा नव्हता. म्हणजे काळजी घेतल्याचा पुरावा हवा. कागद हवा. तेव्हा गॅरेजमधून निघताना एवढं एक काम कराच, पक्कं बिल मागा.

"बिल पाहिजे? मग अठरा टक्के वर पडतील, साहेब."

"असं होय. मग राहू द्या."