पांढरं, सोनेरी आणि आमचा एकशिंगी बैल

नोव्हेंबर संपता संपता आमच्या लेकीने जेवताना जाहीर केलं, "पप्पा, यंदा नाताळला आपल्या घराला थीम असणार." मी बोंबलाचा काटा काढत होतो, तो काढतच राहिलो. आमच्या वसईच्या घरात नाताळ आजवर माळ्यावरून उतरायचा, खोक्यात बसून, झुरळाच्या गोळ्यांचा वास घेऊन. त्याला थीम कुणी विचारली नव्हती.

थीम होती पांढरं आणि सोनेरी. लाल नाही, हिरवं तर नाहीच. तिने मोबाईलवर फोटो दाखवले. घर बघून माझी दाढ ठणकायला लागली, इतकं ते दातांच्या दवाखान्यासारखं होतं. "एखादा अ‍ॅक्सेंट कलर चालतो," ती म्हणाली, "पण तो मी ठरवणार."

मी हिच्याकडे बघितलं. तर हीच म्हणते, "अहो, नाताळच्या मिस्साला फादर पांढरी-सोनेरी वस्त्रंच घालतात की!" म्हणजे चर्चसुद्धा लेकीच्या पक्षात. मी म्हटलं, नाताळआधीच्या आगमनकाळात फादर जांभळ्यात असतात, मग 24 तारखेपर्यंत घर जांभळं ठेवा. यावर दोघींनी आमटी वाढून घेतली.

खरा वाद गोठ्यावरून, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यावरून. आमच्याकडे 8 डिसेंबरला, मारिया मातेच्या सणाला, पत्र्याच्या डब्यांत नाचणी पेरतात. नाताळपर्यंत वीतभर हिरवळ होते, तेच बेथलेहेमचं कुरण. गोणपाट चिखलात बुडवून डोंगर, वर भाताचा पेंढा. मेंढ्या योसेफापेक्षा उंच आहेत, कारण त्या वेगळ्या वर्षी वेगळ्या दुकानातून आल्या. बैलाला एकच शिंग. तीन राजांपैकी एक कधीचा हरवलाय, त्याच्या जागी लेकीच्याच लहानपणीची एसटी उभी असते. पूर्वेकडून कुणीतरी आलं पाहिजे, एवढंच.

"हिरवळीवर पांढरा स्प्रे मारूया," ती म्हणाली.

माझे वडील वेलींवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसली की गंधक मारायचे आणि दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. आणि मी पैसे देऊन नाचणीवर भुरी आणायची? मी तिला सांगितलं, 1223 साली संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेचिओ गावात गोठा मांडला, तेव्हा खरा बैल, खरं गाढव आणि खरं गवत आणलं होतं. त्याला कुणी थीम विचारली असती तर तो 'शेण' म्हणाला असता. लेक म्हणाली, "तो बर्फ आहे, पप्पा." वसईत बर्फ फक्त पापलेटवर असतो, हे मी मनात म्हटलं.

तह झाला. नाचणी वाचली, पण गोठा हॉलमधून बाहेरच्या ओट्यावर गेला. बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागदाचा माझा तारा तर अंगणातल्या आंब्यावर. मी विस्थापितांसारखा खळीचा डबा घेऊन बाहेर बसायला लागलो.

आत झाड आलं. आमच्या लहानपणी सुरूची फांदी आणून बादलीत रोवली की काम झालं. हे सहा फुटी पांढरं झाड चपटं होऊन खोक्यातून आलं आणि त्याची एकेक काडी हाताने फुलवावी लागते. मी दोन संध्याकाळ फुलवत होतो. त्याचे पांढरे केस गळतात. ते सोफ्यावर, आमटीत, करंज्यांच्या सारणात आणि एकदा माझ्या मिशीत सापडले. मिशीतले माझेच निघाले.

माझ्या जुन्या रंगीत माळेचं नाव काढायचीही सोय नव्हती. तिच्यात सहा-सहा व्होल्टचे चाळीसेक दिवे एकामागे एक जोडलेले, एक गेला की सगळे जातात. कुठला गेला ते शोधता शोधता पोरं मोठी व्हायची. नवी माळ लावली आणि लागली. करायला काही उरलंच नाही.

24 तारखेला रात्री आठ वाजता घर खरोखर देखणं दिसत होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. मिस्साला निघायच्या तयारीत असताना हिने विचारलं, "बाळ कुठाय?"

बाळ येशू मिस्साहून आल्यावर गोठ्यात ठेवायचा, तोवर तो नीट जपून ठेवलेला असतो. इतका नीट की कुणालाच आठवत नाही. मी माळ्यावर चढलो. पंधरा वर्षांची धूळ त्या पांढऱ्या झाडावर, सोनेरी गोळ्यांवर, नव्या उशांच्या अभ्र्यांवर अलगद उतरली. बर्फ असाच पडत असावा. खोक्यात शिंग सापडलं, बाळ नाही. शेवटी आईने तिच्या खोलीतून हाक मारली. बाळ तिच्या कपाटात होतं, तिच्या लग्नातल्या लालभडक लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. "त्याला थंडी वाजते," आई म्हणाली.

मिस्साहून परतलो तेव्हा एक वाजून गेला होता. लेकीने बाळाला लाल तुकड्यासकट उचललं. मला वाटलं, ओट्यावर जाईल. तर तिने गोठ्यातली गव्हाण आत आणली, झाडाखाली ठेवली, मग बैल आणला, मग मेंढ्या, मग एसटी.

"लाल आहे तो," मी म्हटलं.

"पप्पा," ती एसटी सरळ करत म्हणाली, "तो अ‍ॅक्सेंट कलर आहे."