सुक्या सुंगटांचा शेवटचा पुडा

2020 चा पावसाळा, कोरोनाचे दिवस. गोव्यातल्या आमच्या पसरकाराकडे, म्हणजे किराणा दुकानदाराकडे, सुक्या सुंगटांचा (कोळंबीचा) एकच पुडा उरला होता आणि नंबर माझा होता. मागच्या चुन्याच्या वर्तुळात एक निवृत्त मास्तर उभे होते. सहा फुटांवरून बोलायचं तर आवाज चढवायला हवा, आणि आवाज चढवायचा तर मास्क हनुवटीवर हवा, असा त्यांचा हिशेब. ते म्हणाले, "भाई, तुम्ही कथा लिहिता ना? मग तुम्हाला कसली घाई?"

"घाई नाही. सुंगटं हवीत."

"कथा काय, उद्यासुद्धा लिहून होते. आमच्याकडे आज किसमुराचा बेत आहे." किसमूर म्हणजे भाजलेल्या सुंगटांची खोबरं-कांदा घातलेली कोशिंबीर.

मी हटत नाही म्हटल्यावर त्यांनी प्रकरण रांगेपुढे ठेवलं. रांगेत पंचायतीचा एक स्वयंसेवक, एक दूधवाला आणि दुसऱ्याच्या छत्रीत अर्ध्या उभ्या असलेल्या एक बाई होत्या. तिघांनी गंभीरपणे कौल दिला: लेखकाला लॉकडाऊन लागू होत नाही, तो आधीपासूनच बंद असतो. पुडा मास्तरांच्या पिशवीत गेला. पसरकार मला म्हणाला, "तुमकां कितें? तुमी कल्पनेंत जेवतले."

31 जुलैपर्यंत ट्रॉलर बंद. ताजा बांगडा दिसायचा नाही, आणि ज्या एप्रिल-मे महिन्यात गोंयकार पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो, तेव्हा त्या वर्षी दारं लावून बसलो होतो. अशा पावसाळ्यात शंभर ग्रॅम सुंगटं ही साधी गोष्ट नव्हे.

पण खरी जखम पुढेच. मास्तरांनी तिथल्या तिथे मला किसमूर शिकवायला घेतलं. म्हणे सुंगटं भाजायची, खोबरं-कांदा घालून सकाळीच कालवून ठेवायचं, म्हणजे दुपारपर्यंत छान मुरतं! किसमूर मुरवत नाहीत हो. वाटीभर सुंगटांची डोकी-शेपट्या खुडायच्या, कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजायची. आच मोठी ठेवली तर बाहेरून करपतात, आत चामट राहतात. कुरकुरीत झाली का ते गार झाल्यावरच कळतं. चिमटीत कट्टकन मोडायला हवीत. अर्धी वाटी ओलं खोबरं, बारीक चिरलेला एक कांदा, तिखट, चिमूटभर हळद, चिंचेचा थोडा दाट कोळ, चमचाभर खोबरेल हे सगळं वेगळ्या भांड्यात. मीठ शेवटी आणि चाखून, कारण सुंगटं मुळातच खारट. दोन्हींची गाठ घालायची ती ताटं मांडल्यावर. मिठाने कांद्याला पाणी सुटतं, खोबरं ओलं असतं, थोड्या वेळात सुंगटांचा लगदा होतो.

"आम्हाला तसंच आवडतं," मास्तर म्हणाले. यावर माणूस काय बोलणार?

मग त्यांनी कथेकडे मोर्चा वळवला. "आता तुम्हाला विषयच विषय!" विषय आहे, माणसं कुठे आहेत? कथेत कुणीतरी अनोळखी दार वाजवावं लागतं. त्या दिवसांत दार वाजलं तर पात्र आधी विचारणार, कुठून आलात आणि ताप आहे का. संपली कथा. "ती किंचित हसली" लिहावं तर मास्कवरून फक्त डोळे, त्यात चष्म्यावर वाफ. मास्क काढावा तर वाचक पात्राच्या बेजबाबदारपणावर पत्र लिहिणार. दिवाळी अंकाचे एक संपादक म्हणाले कोरोना नको, लोक कंटाळलेत. दुसरे म्हणाले कोरोनाच हवा, पण हलकाफुलका. मानधनावर मात्र दोघांचं एकमत: यंदा परिस्थिती तुम्ही जाणताच. छापखान्याची, कागदाची परिस्थिती त्यांना भागवावी लागते. लेखकाची भागवायची नसते, तो कल्पनेत जेवतो.

एवढं करून मास्तरांनी "वेळ जात नाही" म्हणून माझ्याकडून एक कादंबरीही नेली. परत आली ती प्लास्टिकच्या पिशवीत गच्च गाठ मारून. विषाणू प्लास्टिकवर 72 तासांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर 24 तासांपर्यंत टिकू शकतो, असं मार्चमध्येच छापून आलं होतं. म्हणजे पुस्तक आठवडाभर नुसतं बाजूला ठेवलं असतं तरी भागलं असतं. आणि गोव्याच्या पावसात पुस्तक प्लास्टिकात कोंडलं की आतली ओल आतच राहते, बांधणीकडून बुरशी चढते. कपाटातसुद्धा भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून, दाटी न करता उभी करायची असतात. वारा लागायला हवा. मास्तरांनी तर वर पानन् पान सॅनिटायझरने पुसलं होतं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. पहिल्या पानावर लेखकाने मला लिहून दिलेल्या दोन ओळी होत्या, तिथे आता निळा ढग आहे.

कादंबरी त्यांनी चाळीसाव्या पानापुढे वाचलेली नाही. तिथे खुणेला वीजबिल आहे. ते ऑनलाइन भरून टाका, असा निरोप पिशवीबरोबरच आला.