वाडा गेला, कबुतरखाना राहिला

कबुतरखाना म्हटलं की आपल्याला दादर आठवतं. पश्चिम लंडनमधल्या ईस्टकोटचा कबुतरखाना निराळा. दादरला लोक पुण्य म्हणून कबुतरांना दाणे घालायचे. इथं कबुतरं पाळायची ती खाण्यासाठी.

हॉट्री घराण्याचं ईस्टकोट हाऊस १९६४ साली पाडलं. तबेला, भिंतीआडची बाग आणि १८व्या शतकातला विटांचा हा कबुतरखाना तेवढा वाचला. स्थानिक स्वयंसेवकांनी चिकाटीनं बाग जपली आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. संध्याकाळचं ऊन त्या जुन्या विटांवर पडलं की पाय निघत नाही.

पण अशा वास्तूंबद्दल बोलताना विटा, छप्पर आणि आतल्या कोनाड्यांचंच कौतुक होतं. त्या कबुतरांचं पोट कोणाच्या शेतावर भरायचं, हे कोणी सांगत नाही, आणि मला ते खुपतं.

इंग्लंडात कबुतरखाना बांधणं हा कित्येक शतकं जमीनदारांचा आणि मठांचा मान होता. पुढे नियम सैल झाले, तरी तो ऐपतदारांचाच राहिला. पाखरं मोकळी सोडलेली. दिवसभर आसपासच्या शेतांत चरायची आणि रात्री धन्याच्या कोनाड्यात परतायची. कुळाला ती हाकलता यायची, पण मारली तर गुन्हा. महिनाभराची, उडायच्या आधीची लुसलुशीत पिल्लं मात्र धन्याच्या ताटात. विष्ठासुद्धा वाया जात नसे: शेताला खत, कातडी कमवायला, बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढायला.

हिवाळ्यात ताजं मांस मिळावं म्हणून हे बांधत, असं पुष्कळदा सांगतात. मला ते पटत नाही. पिल्लांचा मुख्य हंगाम वसंतापासून शरदापर्यंतचा, म्हणजे ऐन थंडीत ती जेमतेमच मिळणार. ही गरज नव्हती, चैन होती.

माझे आजोबा ज्वारी हुरड्यावर आली की दिवसभर मचाणावर उभे असायचे. भोरड्यांचा थवा उतरला की तासाभरात कणसं रिकामी होतात. गोफण फिरवून फिरवून त्यांचा खांदा सुजायचा. त्यांना कोणी म्हटलं असतं की ही पाखरं पाटलांची आहेत, एकालाही धोंडा लागता कामा नये, तर? त्या कोनाड्यांचा विचार करताना मला तो खांदा दिसतो.

फ्रान्समध्ये हा राग साठत गेला. ऑगस्ट १७८९ मध्ये सरंजामी हक्क रद्द झाले, त्यात कबुतरखान्याचा हक्कही नाव घेऊन रद्द केला. ठरलेल्या काळात कबुतरं कोंडून ठेवायची; नाही ठेवली तर आपल्या रानात आलेली कबुतरं शेतकऱ्यानं खुशाल मारावीत. क्रांतीच्या धामधुमीत कबुतरांसाठी वेगळं कलम लिहावं लागलं, यावरून जाच किती असेल ते समजा.

कबुतरखाना जपलाच पाहिजे, उलट आणखी नीट जपावा. फक्त तिथं शेतकऱ्याच्या चार ओळी असाव्यात. पुढच्या रविवारी स्वयंसेवकांशी बोलणार आहे. जीव लावून काम करणारी माणसं आहेत, ऐकून घेतील.