‘एक नंबर’ म्हणजे कोणता?

आज सकाळी पंचवटी एक्स्प्रेसमध्ये जे पाहिलं ते दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून रात्री लिहायला बसलोय. लांबेल थोडं.

इगतपुरी सोडून गाडी कसारा घाट उतरत होती. समोर सिन्नरकडच्या एक मावशी. सत्तरीच्या असतील. मांडीवर पिशवी, तिच्यात डिंकाचे लाडू, मुलगी बोरिवलीला बाळंत झालेली. शेजारच्या पासधारकांना त्यांनी विचारलं, "दादरला उतरल्यावर बोरिवलीची गाडी कुठं लागते हो?" एवढाच प्रश्न. एक जण म्हणाला, "दादरच्या फलाटांचे नंबर बदलून वाट लावलीय मावशी, आधीचंच बरं होतं." दुसरा म्हणाला, "माहीत नसतं तर एकट्या निघता कशाला?" आणि सगळे हसले. मावशी कसनुशा हसल्या, पिशवी जवळ ओढली आणि गप्प बसल्या.

आधीचं बरं होतं? कुणाला?

२००४ सालची गोष्ट सांगतो. मी तेव्हा अंधेरीला नोकरीला होतो. बाबा नाशिकहून पहिल्यांदाच एकटे येणार होते, याच पंचवटीने. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. आदल्या रात्री फोनवर मी बजावलं, "दादरला उतरा आणि एक नंबरवर थांबा. मी येईपर्यंत हलू नका." आणि मी पश्चिम रेल्वेच्या एक नंबरवर जाऊन उभा राहिलो. अर्धा तास. पाऊण तास. घाम फुटला. शेवटी घरी फोन लावला तर आई म्हणाली, "अरे, आत्ताच त्यांचा नाणं टाकायच्या डबड्यावरून फोन येऊन गेला. ते एक नंबरवरच उभे आहेत, तूच आलेला नाहीस म्हणाले."

मी म्हणालो, "आई, मी पण एक नंबरवरच उभा आहे."

खोटं कुणीच बोलत नव्हतं. दादरला तेव्हा एक नंबर दोन होते. पश्चिम रेल्वेचे आकडे संपले की मध्य रेल्वेचे पुन्हा एकपासून सुरू. पूल तोच, गर्दी तीच, स्टेशनचं नाव तेच. कारण विचाराल तर जुनं आहे. एक लाइन जीआयपी रेल्वेची, दुसरी बीबीसीआयची, दोन वेगळ्या कंपन्या. ५ नोव्हेंबर १९५१ ला त्यांच्या मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या. एकीचं मुख्यालय सीएसएमटीला, दुसरीचं चर्चगेटला. दादरला दोघी शेजारी शेजारी उभ्या, पण आपापले आकडे मोजत. ठाण्याहून बोरिवलीचं तिकीट काढा, एकच मिळतं. म्हणजे पैसे घेताना रेल्वे एक आणि फलाट शोधताना दोन! हे इतकी वर्षं कुणाला खटकलं नाही, कारण ज्यांना त्रास होत होता ते रोजचे नव्हते. ते आपल्यासारखे. लग्नाला, दवाखान्याला, इंटरव्ह्यूला वर्षातून दोनदा जाणारे.

९ डिसेंबर २०२३ ला हे बदललं. पश्चिमेचे एक ते सात, मध्यचे आठ ते चौदा. जुन्या मध्यच्या एक नंबरचा आठ झाला. एवढंच. आणि यावर अजून कुरकुर चालू आहे! वर्षानुवर्षं पायाला सवय झालेली असते, सुरुवातीला चुकामूक झाली असेल, मान्य. पण तुमची सवय चार आठवड्यांत मोडते. नवख्या माणसाची मात्र प्रत्येक खेप पहिलीच असते.

कुणी म्हणेल, आकडे बदलून गर्दी कमी होते का? नाही होत. पण वाट न कळलेला माणूस काय करतो? जिन्याच्या मध्यावर थांबतो. वर बघतो, मागे बघतो. मागून लोकल पकडणाऱ्यांचा लोंढा येत असतो. पुलावर माणसं अडकली की काय होतं ते २९ सप्टेंबर २०१७ ला परळ-एलफिन्स्टनच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिलंय. तिथली कारणं वेगळी होती, पण तेव्हापासून जिन्यावर थबकलेलं म्हातारं माणूस दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो.

बाबांना मी दीड तासाने गाठलं. पुलाच्या जिन्यावरूनच दिसले. दोन पायांमध्ये द्राक्षांची पेटी घट्ट धरून उभे. मागे बाकडं रिकामं होतं. "बसला का नाहीत?" तर म्हणाले, "तू हलू नका म्हणाला होतास. बसलो असतो तर गर्दीत तुला दिसलो नसतो." पिंपळगावची द्राक्षं, खालचा थर फुटून रस पेटीबाहेर आला होता, त्यांच्या चपलेवर. आजही लिहिताना हात थांबतो.

त्या डब्यातले जे हसत होते, त्यांच्याही घरी असे कुणीतरी बाबा असतीलच ना? रोजचा प्रवास माणसाला पिळून काढतो, कबूल आहे. पहाटे उठून नाशिकरोड गाठायचं, रात्री परत. पण म्हणून स्टेशन तुमच्या नावावर होत नाही.

आणि नाशिककरांनो, २०२७ चा सिंहस्थ डोळ्यांसमोर आहे. अख्ख्या देशातली माणसं आपल्या नाशिकरोडला उतरतील आणि बाहेर येऊन विचारतील, रामकुंड कुठंय? स्टेशनपासून आठ-दहा किलोमीटर आहे हे त्यांना कुठून माहीत असणार? तेव्हा हसणार आहोत का आपण? एकट्या कशाला आलात म्हणून विचारणार आहोत?

मघाशी रागात सुरुवात केली होती, आता तेवढा राग नाही. बाबांचे गुडघे गेलेत, ते आता बाहेरगावी जात नाहीत. आत जाऊन पाहून आलो, झोपलेत.

दादरला मी मावशींबरोबर उतरलो. माझं काम सीएसएमटीच्या बाजूला होतं, दहा मिनिटं उशीर झाला, होऊ दे. पुलावर चढलो. मावशी पाट्या बघत पुटपुटत चालल्या होत्या, नऊ... आठ... सात. मग थांबल्या, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मला विचारलं, "आता पुढं सहाच येणार ना, दादा?"

म्हटलं, "हो मावशी. सहाच."